सर्वसंतांच्या दिवशीचा भूकंप

ज्या नगरातून गोमंतकाचा कारभार साडेचारशे वर्षे हाकला गेला, ते लिस्बन नगर शनिवार, १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी दहाच्या आत, अवघ्या काही मिनिटांच्या अवधीत मोडून पडले. दिवस सर्वसंतांच्या सणाचा होता. इगर्जी भाविकांनी भरल्या होत्या, वेदीवेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या. आमच्या गोमंतकीय वाचकांस लिस्बनचे नाव ऐकून ठाऊक आहे ते तेथून सुटलेल्या हुकुमांमुळे. त्या नगराच्या या एका सकाळीची कथा मात्र आमच्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही. आणि जेथे सांगितली जाते, तेथे ती एका विशिष्ट अभिप्रायासह सांगितली जाते. त्या अभिप्रायाचा समाचार आम्ही पुढे घेऊच.

प्रथम घडले ते पाहू. धक्के तीन बसले. पहिल्यानंतर लोक सावरतात न सावरतात तोच दुसरा, सर्वांत दारुण, धक्का आला. इगर्जींची दगडी छते सणासाठी जमलेल्यांच्या डोक्यांवर कोसळली. कार्मु मठाच्या इगर्जीचे छत त्या दिवशी जे पडले ते पुन्हा घातलेच गेले नाही. तिच्या कमानी आजही उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि घराघरांतील चुलींनी आगी लागल्या, त्या पाच-सहा दिवस विझल्या नाहीत. सर्वसंतांच्याच नावाचे मोठे इस्पितळ आतील रुग्णांसह जळाले.

लिस्बन तेजो नदीच्या मुखाशी वसलेले आहे, जसे पणजी मांडवीच्या. पडझडीतून जे निभावले त्यांपैकी असंख्य लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले. धुळीपासून, आगीपासून आणि कोसळत्या भिंतींपासून दूर, नव्याने बांधलेला दगडी धक्का त्यांस सुरक्षित वाटला. यात त्यांची चूक म्हणता येत नाही. कोणाही शहाण्या मनुष्याने तेच केले असते. तेथे उभे राहून त्यांनी पाहिले की पाणी मागे हटत चालले आहे. तळाचा चिखल उघडा पडला, जुन्या बुडालेल्या गलबतांचे सांगाडे दिसू लागले. भूकंपानंतर सुमारे चाळीस मिनिटांनी ते पाणी भिंतीसारखे परत आले. एकामागून एक अशा तीन लाटा आल्या आणि धक्का त्यावरील माणसांसकट नाहीसा झाला. लिस्बनमध्ये या अनर्थात मेलेल्यांचा आकडा तीस ते चाळीस हजार असावा असे बहुतेक इतिहासकार मानतात. नगराची वस्ती त्या वेळी सुमारे दोन लक्ष होती.

ही लाट तेजोच्या मुखापुरतीच नव्हती. पोर्तुगालचा दक्षिण किनारा, स्पेनचे कादिझ, मोरोक्कोची बंदरे यांना तिने झोडपले. इंग्लंडच्या कॉर्नवॉलला आणि आयर्लंडला ती त्याच दिवशी दुपारी पोहोचली, आणि अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीजमधील बेटांवरही पाणी चढलेले लोकांनी पाहिले. वादळ नाही, वारा नाही, आभाळ निरभ्र. आणि समुद्र मात्र सहस्रावधी मैल चालून जातो, हे त्या काळच्या लोकांना कोडेच होते.

आज त्याचा उलगडा पुष्कळसा झाला आहे. भूपृष्ठ अखंड नसून प्रचंड थरांच्या तुकड्यांचे बनलेले आहे, आणि हे तुकडे वर्षाला काही सेंटिमीटर अशा मंद गतीने एकमेकांवर रेलत असतात. पोर्तुगालच्या नैर्ऋत्येस समुद्राच्या तळाशी आफ्रिका आणि युरेशिया यांचे असे दोन तुकडे भिडलेले आहेत. शतकानुशतके साचलेला ताण एके क्षणी सुटतो, तळाचा एक विस्तीर्ण पट्टा उचलला जातो किंवा खचतो, आणि त्याच्यावरचे सगळे पाणी त्याबरोबर हलते. वाऱ्याने उठणारी लाट पाण्याच्या वरच्या थरातच असते. ही लाट तळापासून पृष्ठापर्यंतच्या अवघ्या पाण्याची असते. हाच या दोहोंतील खरा भेद. तिचा वेग खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सातशे किलोमीटरांनी धावते, आणि तेथे तिची उंची इतकी अल्प असते की जहाजावरील खलाशास तिचा पत्ताही लागत नाही. किनारा जवळ आला की पाणी उथळ होते. दहा मीटर खोलीवर वेग ताशी पस्तीस किलोमीटरांवर उतरतो, मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि लाट उंचावते. तिच्या दोन शिखरांमध्ये दहा मिनिटांपासून तासापर्यंत अंतर असू शकते. म्हणून पहिली लाट ओसरली की संकट टळले असे समजून परत फिरणारे दुसरीत सापडतात. जेथे लाटेचा खळगा आधी पोहोचतो तेथे समुद्र प्रथम मागे हटतो. जपानी लोकांनी तिला ‘त्सुनामी’, म्हणजे बंदरातील लाट, असे नाव दिले. कारण बाहेर समुद्रात मासेमारी करणाऱ्यांना काहीच जाणवत नसे, आणि बंदरात परतावे तो गाव नाहीसे झालेले असे.

नदीकाठचा राजवाडा, त्यातील सत्तर हजार ग्रंथांचे ग्रंथालय आणि त्याच वर्षी उघडलेले संगीत-नाट्यगृह ही सर्व एका दिवसात गेली. गोमंतकाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष हळहळ वाटावी ती ‘काझा द इंदिया’ची. हिंदुस्थानच्या व्यापाराची ही कचेरी राजवाड्यालगतच होती, आणि तिच्या दप्तरात अडीच शतकांच्या जहाजांचा, मालाचा आणि माणसांचा हिशेब होता. तो जळाला. गोव्याहून लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराची ‘मोंसांव’ नावाची बाडे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत, म्हणून आपल्या बाजूची कथा तरी शिल्लक राहिली.

आता त्या अभिप्रायाकडे वळू. ज्यांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतील आमची देवळे सोळाव्या शतकात पाडली, ज्यांच्यामुळे मंगेशास कुठ्ठाळी सोडून प्रियोळास, शांतादुर्गेस केळोशी सोडून कवळ्यास आणि म्हाळसेस वेर्णे सोडून म्हार्दोळास जावे लागले, त्यांच्या राजधानीतील इगर्जी त्यांच्याच सणाच्या दिवशी त्यांच्याच मस्तकांवर पडल्या: हा देवाचा न्याय नव्हे तर काय? देवळाच्या सभामंडपात असे बोल आमच्या कानांवर आले आहेत, आणि बोलणारे भले लोक होते. त्यांचे दुःख खरे आहे, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु लिस्बनच्या राखेवर उभे राहून नेमका हाच युक्तिवाद इतर कित्येकांनी केला होता, प्रत्येकाने आपापल्या प्रतिपक्षाला आरोपी करून. इंग्लंडातील जॉन वेस्ली यांना तो इन्क्विझिशनबद्दलचा दंड वाटला. गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट पाद्रीने १७५६ मध्ये पुस्तिका छापून सांगितले की भूकंपाचे खरे कारण निसर्ग नव्हे, तर लिस्बनच्या लोकांची नाटके, नाच आणि बैलांच्या झुंजी. तेव्हा घरे बांधण्यात वेळ न दवडता पश्चात्ताप करा. साक्षी एकच, आणि निकाल मात्र परस्परविरुद्ध! वकिलीच्या धंद्यात इतकी वर्षे घालविल्यावर आम्ही इतके निश्चित म्हणू शकतो, की जो पुरावा प्रत्येक पक्षाला सारखाच उपयोगी पडतो तो कोणत्याच पक्षाचा पुरावा नसतो. शिवाय त्या सकाळी जी मुले मेली, जे रोगी खाटेवर जळाले, त्यांपैकी कोणी कुठ्ठाळीचे देऊळ पाडले होते? मोरोक्कोतील मुसलमान गावेही त्याच लाटेने धुऊन नेली. त्यांचा अपराध कोणता?

आपल्याकडेही हा वाद होऊन गेला आहे. १९३४ च्या बिहारच्या भूकंपास गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे फळ म्हटले, तेव्हा अस्पृश्यतेचे तितकेच कट्टर वैरी असलेल्या रवींद्रनाथांनी त्यास जाहीर हरकत घेतली. आणि गांधीजींनी ती हरकत आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापली. आमचे मत रवींद्रनाथांच्या बाजूचे आहे. तथापि विरोधकाचे म्हणणे स्वतःच्या पत्रात छापण्याची ती रीत लिस्बनला ठाऊक असती, तर पुढचे बरेच टळले असते.

राजा जुझे पहिला सकाळीच प्रार्थना आटोपून बेलेंला गेला होता म्हणून वाचला. पण त्याने छताचा असा धसका घेतला की पुढे त्याचा दरबार आजुदाच्या टेकडीवर तंबूंत आणि लाकडी खोल्यांत भरू लागला. राज्याची सूत्रे गेली ती सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यु या मंत्र्याच्या हाती. हाच पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला. रोगराई पसरू नये म्हणून त्याने प्रेते होड्यांत भरून समुद्रात बुडविली, धान्याचे भाव बांधले, लुटारूंसाठी भग्न नगरात फाशीचे खांब उभारले. घरांची आणि जागांची मोजणी होऊन यादी तयार होईपर्यंत नवे बांधकाम करण्यास त्याने मनाई केली. कोणाची भिंत कोठे होती याचा निवाडा आधी, बांधणी मागून. कायद्याच्या अभ्यासकास या एका हुकुमाचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. वृद्ध अभियंता मानुएल द माय्य याच्या देखरेखीखाली सरळ, रुंद रस्त्यांचे नवे नगर आखले गेले. भिंतींच्या आत लाकडी पिंजऱ्यासारखा सांगाडा घालण्याची युक्ती निघाली. नमुन्याच्या सांगाड्याभोवती शिपायांना पाय आपटीत चालवून तिची परीक्षा घेतली, असे सांगतात.

परंतु आमच्या मते त्याचे सर्वांत मोठे काम एक प्रश्नपत्रिका होय. १७५६ च्या आरंभी देशातील प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्रीकडे ती गेली. भूकंप किती वेळ टिकला? धक्का कोणत्या दिशेने अधिक जाणवला? घरे किती पडली, माणसे किती मेली? झरे आटले की वाढले? समुद्र आधी चढला की आधी उतरला, आणि नेहमीपेक्षा किती हात चढला? भूकंप का झाला, कोणाच्या पापाने झाला, असा प्रश्न त्यांत नव्हता. काय पाहिले एवढेच विचारले होते. चौकशीची ही शिस्त कोणाही न्यायाधीशास साजेल. ती उत्तरे लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जतन झाली, आणि भूकंपाचा उगम समुद्रात नेमका कोठे होता हे शोधणारे आजचे शास्त्रज्ञही त्यांचा आधार घेतात. त्यांचे अद्याप एकमत झालेले नाही, ही गोष्ट निराळी. दरम्यान १७६० मध्ये जॉन मिचेल या इंग्रजाने, लिस्बनच्या हकिकतींच्या आधारे, भूकंप जमिनीतून लाटांच्या रूपाने पसरतो आणि या भूकंपाचे मूळ समुद्राखाली होते, असे मांडले.

इथवर मंत्र्याची स्तुती झाली. पण एवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. मालाग्रिदाला त्याने आधी सेतुबालला हद्दपार केले, मग तुरुंगात टाकले, आणि १७६१ मध्ये त्या सत्तरीपलीकडच्या म्हाताऱ्याला पाखंडी ठरवून, गळा आवळून, जाळले. ठरविले कोणी? इन्क्विझिशनने, आणि तिच्या प्रमुखपदी होता मंत्र्याचाच भाऊ. राजावर १७५८ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, त्या खटल्यात तावोरा घराणे चिरडले गेले. १७५० ते १७५४ या काळात गोव्याचा व्हाइसरॉय असलेला तावोराचा मार्क्विस जानेवारी १७५९ मध्ये बेलेंला देहांत शिक्षा भोगून मेला. भूकंपाच्या गोंधळात एका मनुष्याच्या हाती आलेली सत्ता गोंधळ संपल्यावरही परत गेली नाही; १७७७ मध्ये राजा मरेपर्यंत ती तेथेच राहिली.

या सत्तेची झळ आणि सावली दोन्ही गोव्यावर पडल्या. तावोरानंतर आलेला व्हाइसरॉय काउंट आल्वा जून १७५६ मध्ये फोंड्याच्या मर्दनगडापाशी मराठ्यांशी लढताना मारला गेला. मायदेशाची राजधानी त्या वेळी राखेतच होती. १७५९ मध्ये जेझुइट संघास हद्दपार करण्यात आले, आणि साष्टीत दोनशे वर्षे ज्यांचा शब्द कायदा होता त्या पाद्य्रांना गोव्यातून धरून नेले, त्यांची मालमत्ता जप्त झाली. १७६३ मध्ये हैदर अलीच्या स्वारीपुढे टिकाव न लागून सौंधेकर राजे गोव्याच्या आश्रयास आले, आणि अंत्रुज महाल पोर्तुगीजांकडे गेला. विस्थापित देव जेथे जाऊन बसले होते तीच ही भूमी. पण या वेळी देवळांना हात न लावण्याचे वचन मिळाले, आणि ते पाळले गेले. १७७४ मध्ये गोव्याचे इन्क्विझिशन बंद झाले.

मग हे भूकंपामुळे घडले काय? ओढूनताणून तसे म्हणता येईल. आम्ही म्हणणार नाही. पोम्बाल नसता तरी हैदर आला असता, मराठ्यांचा शेजार होताच, आणि नव्या मुलुखातील हिंदू प्रजेस दुखविणे परवडणारे नव्हते हे सत्ताधाऱ्यांना स्पष्ट दिसत होते. १७७८ मध्ये, पोम्बाल पडताच, इन्क्विझिशन पुन्हा सुरूही झाले; ते कायमचे उठले १८१२ मध्ये. भूकंपाने एका मंत्र्याला मोकळे रान दिले, आणि त्याच्या धोरणाच्या काही फांद्या मांडवीपर्यंत आल्या, एवढेच पुराव्याने सिद्ध होते.

आपला किनारा या संकटाच्या कक्षेबाहेर आहे असे मात्र कोणी समजू नये. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्यालगत समुद्राखाली मोठा भूकंप झाला. त्याच्या लाटेने मुंबईस माणसे वाहून नेली, आणि ती कारवारपर्यंत जाणवल्याची नोंद आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळ सुमारे तेराशे किलोमीटर लांबीत फाटला, आणि चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसे मेली. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट पोहोचायला दोन तासांहून अधिक काळ लागला होता. त्या दोन तासांत कोणी कोणास सांगितले नाही. वेळांकणीला नाताळानंतरच्या रविवारी आलेले यात्रेकरू किनाऱ्यावर होते. उलट, भूकंपाच्या अगदी जवळच्या सिमेउलुए बेटावर सत्तर हजारांहून अधिक वस्तीत केवळ सात माणसे गेली. तेथे १९०७ च्या लाटेची आठवण आज्यांनी नातवंडांना गोष्टींतून आणि गाण्यांतून दिलेली होती, आणि जमीन हलून समुद्र हटताच सारे गाव टेकडीकडे धावले.

ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादेत सागरी सूचनांचे केंद्र चालू आहे. समुद्राखाली मोठा भूकंप होताच काही मिनिटांत तेथे गणित मांडले जाते आणि किनाऱ्यांस इशारा जातो. त्याची तपासणी तेथील यंत्रे समुद्राच्या पातळीवरून करतात: पाणी चढले की उतरले, आणि किती.