कामेच्छेसाठी इंजेक्शन : अपेक्षा किती ठेवावी?

ब्रेमेलॅनोटाइड हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचे औषध. रजोनिवृत्ती न आलेल्या स्त्रियांमधील कामेच्छेच्या अभावावर ते वापरण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१९ मध्ये मान्यता दिली. ते मेंदूतील मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टरवर कार्य करते. मात्र त्यामुळे इच्छा नेमकी कशी वाढते, हे स्पष्ट झालेले नाही.

संबंधापूर्वी किमान ४५ मिनिटे पोटावर वा मांडीवर त्वचेखाली १.७५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन स्त्रीने स्वतःच घ्यायचे असते. २४ तासांत एक आणि महिन्यात आठ, ही मर्यादा.

चाचण्यांमध्ये सुमारे २५ टक्के स्त्रियांच्या इच्छेत उल्लेखनीय वाढ दिसली. परंतु औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांतही हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. सुमारे ४० टक्के स्त्रियांना मळमळ झाली. रक्तदाबही काही काळ वाढतो. त्यामुळे अनियंत्रित उच्च रक्तदाब वा हृदयविकार असल्यास ते वर्ज्य आहे.

मानसिक आजार, अन्य औषधे वा दांपत्यातील तणाव यांमुळे इच्छा मंदावली असेल, तर हा त्यावरचा उपाय नव्हे. आठ आठवड्यांत फरक न पडल्यास औषध थांबवावे. आणि इच्छा कमी असूनही स्त्रीला स्वतःला त्याचा त्रास नसेल, तर तो आजारच नव्हे.