लाख किलोमीटरचा संसार

मोटारसायकल विकत घेणं हा एका दिवसाचा सौदा. ती लाखभर किलोमीटर चालवणं हा मात्र संसार असतो. ब्रिटिश पत्रकार टेड सायमन यांनी तो करून दाखवला. ऑक्टोबर १९७३मध्ये ५०० सीसीची 'ट्रायम्फ टायगर' घेऊन ते लंडनहून जगप्रवासाला निघाले. जेमतेम महिन्यापूर्वी कारखाना बंद होणार म्हणून मेरिडनच्या कामगारांनी त्याचा ताबा घेतला होता. म्हणजे गाडी रस्त्यावर आणि तिचं माहेर कुलूपबंद!

चार वर्षं, ४५ देश, सुमारे १ लाख ३ हजार किलोमीटर. अशा प्रवासात तेल बदलणं, साखळी ताणणं ही कामं मालकालाच करावी लागतात.

२००१मध्ये सत्तरीला टेकलेले सायमन पुन्हा निघाले, ते बीएमडब्ल्यूची 'आर ८० जीएस' घेऊन. तिला साखळीऐवजी शाफ्ट होता. रोजची तेल-ताणाची कटकट मिटली. पण साखळी तुटली तर रस्त्याकडेला जोडता येते, शाफ्ट बिघडला तर कारागीर शोधावा लागतो. प्रत्येक सुधारणेला अशी किंमत असते.

मेरिडनचा कारखाना १९८३मध्ये कायमचा बंद पडला. ती टायगर मात्र कॉव्हेंट्रीच्या वाहन संग्रहालयात जतन झाली. गाडी जन्मते कारखान्यात. तिचं आयुष्य वाढतं ते मालकाच्या हातातल्या पान्यामुळे.