धरमतर, कार्लेखिंड आणि ब्रेक नसलेली सायकल

मागच्या शनिवारी धरमतरच्या पुलावर कठड्याला सायकल टेकवून खाडी बघत होतो. एकेकाळी मुंबईहून बोटीने आलेली मंडळी इथल्या बंदरात उतरून पुढे कोकणात जायची. मी मात्र अलिबागला निघालो होतो, नवीकोरी फिक्स्ड-गिअर घेऊन. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली, ब्रेकच नसलेली!

पोयनाडपर्यंत सपाट रस्ता, मजा आली. कार्लेखिंड उतरताना खरं काय ते कळलं. या सायकलला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, पाय थांबवता येत नाहीत. समोरून एसटी आली आणि मी सरळ गवतात घुसलो. गुडघ्यावर निभावलं.. असो.

घरी येऊन इतिहास वाचत बसलो. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलचा गिअर बदलायला, परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली! त्याआधी रेसर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळी दातेरी चक्रं लावायचे. घाट आला की उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं.

त्याच जुगाडाला आज फ्लिप-फ्लॉप हब म्हणतात. एका बाजूला फिक्स्ड, दुसरीकडे फ्रीव्हील.

तेव्हा मंडळी, पहिलीच आणि कमी बजेटातली घेणार असाल तर रंग नंतर बघा. आधी हा हब आणि पुढचा ब्रेक बघा. फिक्स्ड चक्रावर लॉकरिंग आहे ना तेही तपासा, नाहीतर पेडल मागे दाबताच चक्र सैल होऊ शकतं.

मी दोन्ही बसवून घेतलंय. पुढच्या खेपेला खिंडीआधी उतरून चाक उलटं करणार, त्या जुन्या रेसरांसारखं!