फंड, बाजार आणि भिवंडीचा माग

भिवंडीत ज्या थोड्या मागकामगारांचा फंड कापला जातो, ते आम्हांस विचारतात, आमचा पैसा शेअरबाजारात कशाला? प्रश्न रास्त आहे.

१९५२ च्या कायद्यापासून हा पैसा मुख्यतः रोख्यांत राहिला. ऑगस्ट २०१५ मध्ये, कामगार-संघटनांचा विरोध असतानाही, नव्या जमेपैकी ५ टक्के रक्कम ईटीएफमध्ये जाऊ लागली. निफ्टी वा सेन्सेक्समधील कंपन्यांचे शेअर त्या निर्देशांकाच्याच प्रमाणात बाळगणारी ही योजना. २०१७ मध्ये हा हिस्सा १५ टक्क्यांवर गेला. बाजार चढो वा पडो, हिस्सा नियमाने बांधलेला. कोणा दलालाची अक्कल येथे चालत नाही, आणि तेवढे आम्हांस बरेच वाटते.

परंतु मार्च २०२० मध्ये निफ्टी ७,६१० वर कोसळला. जानेवारीत तो १२,००० च्या वर होता. २०१९-२० च्या ८.५ टक्के व्याजापैकी ०.३५ टक्के ईटीएफ विकल्यानंतर देऊ, असे सप्टेंबरात ठरले. पुढे व्याज पुरे मिळाले हे खरे. पण कामगाराचा हिशेब बाजाराची वाट पाहत बसला, हेही खरे.

अन् बाकीचे? कायदा लागतो वीस कामगारांवर. एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नावांनी नोंदलेले आम्ही पाहिले आहेत. तेथील कामगाराचे फंडाचे खातेच उघडलेले नसते.