कन्यादान आधी, सप्तपदी नंतर: हा क्रम कोणाचा?

पुरोहिताची यादी पाहा. कन्यादान आधी, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी नंतर. म्हणजे मुलीचे दान उरकले, की मग तिने सात पावले चालायची. तिला विचारले कधी?

जोतीराव फुल्यांनी हाच क्रम मोडला. 25 डिसेंबर 1873 रोजी पहिला सत्यशोधक विवाह भटाविना लागला. 1887 मध्ये त्यांनी पूजाविधीचे पुस्तकच छापले. मंगलाष्टके ठेवली, पण भटाच्या तोंडून काढून वधूवरांच्या तोंडी घातली. त्यात वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल वराला जाब विचारते, वर वचन देतो.

1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7मध्येही नाव सप्तपदीचे आहे, कन्यादानाचे नाही. मग फुल्यांचा फोटो लावणाऱ्या घरांत बाप आजही मुलीच्या हातावर पाणी का सोडतो?