अँबॅसेडर हॉटेल : एका वास्तूचे उत्तरायुष्य

गेल्या शतकातील राजकारणाचा इतिहास लिहिताना राजवाडे व विधिमंडळे यांच्याबरोबर काही हॉटेलांचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात १ जानेवारी १९२१ रोजी सुरू झालेले अँबॅसेडर हॉटेल हे त्यांपैकी एक होय. मायरन हंट हे त्याचे वास्तुशिल्पी. तेथील ‘कोकोनट ग्रोव्ह’ या रंगशाळेत हॉलिवूडची तारकामंडळी जमत असे. ऑस्कर पारितोषिकांचा दुसराच सोहळा १९३० मध्ये या हॉटेलात पार पडला. १९५२ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन यांनी आपल्यावरील निधीविषयक आरोपांना उत्तर देणाऱ्या सुप्रसिद्ध भाषणाची तयारी येथेच मुक्कामी असताना केली.

परंतु या वास्तूचे नाव इतिहासात कायमचे कोरले गेले ते ५ जून १९६८ च्या रात्रीमुळे. कॅलिफोर्नियातील प्राथमिक निवडणूक जिंकलेले रॉबर्ट केनेडी मध्यरात्रीनंतर एम्बसी सभागृहात बोलले आणि स्वयंपाकघरालगतच्या वाटेने निघाले. तेथेच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. अन्य पाच जण जखमी झाले. केनेडी दुसऱ्या दिवशी निवर्तले.

‘द ग्रॅज्युएट’ (१९६७) या चित्रपटाचे काही चित्रण येथे झालेच होते. १९८९ मध्ये हॉटेल बंद पडल्यावर तर चित्रीकरण हाच त्याचा उद्योग झाला. पाहुण्यांविना ओस पडलेली दालने कॅमेऱ्यापुढे पुन्हा गजबजू लागली. केनेडींच्या अखेरच्या दिवसावरील ‘बॉबी’ (२००६) या चित्रपटासाठी एमिलिओ एस्तेवेझ यांनी, पाडकाम चालू असतानाच, तेथे काही दृश्ये टिपली.

पाडकामापूर्वी मोठा वाद झाला. वारसा जपणाऱ्यांना वास्तू हवी होती. परिसरातील मुलांना शाळेसाठी दूरवर बसने जावे लागे, म्हणून शिक्षणमंडळाला जागा हवी होती. त्या रात्री केनेडींसमवेत जखमी झालेले कामगारनेते पॉल श्रेड यांनी शाळेची बाजू घेतली. केनेडी कुटुंबीयांनीही जिवंत स्मारक म्हणून शाळाच पसंत केली. अखेर तेथे केनेडींच्या नावाचे शिक्षणसंकुल उभे राहिले. जेथे त्यांचे अखेरचे भाषण झाले, त्या सभागृहाच्या जागी आज त्याच संकुलाचे ग्रंथालय आहे. त्याला श्रेड यांचे नाव देण्यात आले आहे.

अशी वास्तू नाहीशी होणे ही हानीच; चित्रपटांच्या फिती तिचे रूप जपतील, स्पर्श नव्हे. तथापि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या रात्री शोकाकुल जमावापुढे ग्रीक नाटककार इस्किलसच्या ओळी मुखोद्गत म्हणणाऱ्या पुरुषाचे स्मारक ग्रंथालय व्हावे, यात औचित्य आहे. शंभर वर्षे ग्रंथ जपत आलेल्या आपल्या संस्थेच्या सभासदांना ते सांगावयास नको. तेथे मूल पुस्तक उघडते, तेव्हा त्या रात्री खंडित झालेले काही पुढे चालू राहते.