क्लोझापिन : बाद ठरलेले औषध परत कसे आले?

माझ्या खालाच्या मुलाला स्किझोफ्रेनिया झाला. दोन डॉक्टर झाले, दोन औषधे झाली, दर्गा झाला, ताईत झाले. पण कानातले आवाज थांबले नाहीत. "गोळ्यांनी गुण येत नाही, म्हणजे हा आजार नव्हेच," असे घरात ठरून गेले. नऊ वर्षांनी तिसऱ्या डॉक्टरांनी क्लोझापिनचे नाव काढले. मग मी त्या औषधाचा इतिहास वाचला.

या आजारावर परिणामकारक ठरलेले पहिले औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आले. त्याच्या मागोमाग तशीच आणखी औषधे आली. पण बऱ्याच रुग्णांना त्यांचा गुण येईना आणि अनेकांचे हातपाय आखडत. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात वांडर कंपनीने तयार केलेल्या क्लोझापिनमुळे हा त्रास फारसा होत नसे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते युरोपात मिळू लागले. १९७५ साली मात्र फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या आणि जंतुसंसर्गाने मृत्यू झाले. अनेक ठिकाणी औषध मागे घेतले गेले.

तरीही काही डॉक्टरांनी रक्तावर नजर ठेवून ते चालू ठेवले, कारण त्यांचे रुग्ण दुसऱ्या कशानेच सावरत नव्हते. १९८८ साली अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांनी इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांत क्लोरप्रोमाझिनने ४ टक्के रुग्ण सुधारले, क्लोझापिनने ३० टक्के. पुढच्याच वर्षी तिथे मंजुरी मिळाली, ती नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. औषधातला धोका तसाच होता. तो वेळेत ओळखण्याची सोय झाली होती.

आज दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सुमारे सहा आठवडे नीट घेऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिनचा विचार करतात. सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. ताप आला किंवा घसा दुखला, तर लगेच डॉक्टरांना कळवायचे. बद्धकोष्ठताही अंगावर काढायची नाही.

भावाचे आवाज पूर्ण गेलेले नाहीत, पण तो दुकानात बसतो, गिऱ्हाइकाशी बोलतो. खाला आजही दुआ मागते आणि रक्ताच्या रिपोर्टची फाईलही तीच सांभाळते. दोन औषधे हरली म्हणून आजार खोटा ठरत नाही. "आता पुढे काय?" एवढे डॉक्टरांना विचारायचे असते. आम्ही ते नऊ वर्षे विचारले नाही.